पहिला दात दिसेपर्यंत

मित्रांनो, आधीच कबूल करून टाकते, मी भित्रं आहे. चांदीचं असले म्हणून काय झालं? कोणी मला गॅसजवळ नेलं तरी मला वितळायची धास्ती वाटते. मी एक जुनं बोंडलं. तुमच्यापैकी किती जणांनी बोंडलं बघितलंय कोण जाणे! अर्ध्या लिंबाएवढी वाटी आणि तिला पुढे काढलेली लांबट चोच, एवढाच माझा देह. तान्ह्या बाळाच्या ओठाला चोच टेकवायची, वाटी किंचित कलती करायची, की दूध थेंबाथेंबाने तोंडात उतरतं. सहा चमचे दूध घातलं की मी काठोकाठ भरते.

मला घडवलं कल्याणच्या भगवान नावाच्या कारागिराने, पस्तीसेक वर्षांपूर्वी. चोच जोडून झाली की तिची कड तो स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवायचा. जराशी टोचली की पुन्हा कानस. तीनदा त्याने मला कानशीखाली घेतलं आणि तिन्ही वेळा मला वाटलं, संपलं, आता हा माणूस मला खलास करणार! शेवटी त्याने मान डोलावली आणि मला चित्राच्या हातात ठेवलं. चित्रा तेव्हा नवी आई होती, डोंबिवलीच्या शाळेत शिकवायची. तिच्या नीलने माझ्या चोचीने चार-पाच महिने दूध प्यायलं, मग मऊ सुती फडक्यात गुंडाळून मला कपाटात ठेवलं गेलं. पुढची तीस वर्षं मला कोणी विचारलं नाही. खरं सांगू? अंधाराचीही भीती वाटायची, पण तिथे निदान कोणाचं काही बिघडत नव्हतं.

नील मोठा झाला, त्याचं वल्लरीशी लग्न झालं, आणि त्यांना मुलगा झाला. अद्वय. सात आठवडे आधीच आला बिचारा! वजन एक किलो सातशे. ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत ठेवलेला. त्याला चोखायची ताकदच नव्हती. दोन घोट ओढले की दमून झोपायचा. तिथल्या सिस्टरने निक्षून सांगितलं, "बाटली अजिबात आणायची नाही हं. आईचं दूध काढायचं आणि वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने पाजायचं."

चित्राआजी तशीच डोंबिवलीला घरी आली आणि कपाटातून मला बाहेर काढलं. मला घासलं, पातेल्यात टाकलं आणि वीस मिनिटं उकळलं. आई गं! ती वीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. पण खरी धडकी भरली ती हॉस्पिटलमध्ये. आजीला नेम साधेना, माझी चोच बाळाच्या नाकाला लागली.

"ठसका लागला तर गं?" ती वल्लरीला म्हणाली. "दूध छातीत गेलं तर?"

"आई, तुम्हीच अशा घाबरलात तर मी काय करू?" वल्लरी रडवेली झाली होती.

मग सिस्टरने बाळाला थोडं उठतं धरलं, माझी चोच त्याच्या खालच्या ओठावर टेकवली आणि म्हणाली, "ओतायचं नाही. त्याला घेऊ दे." आम्ही तिघी श्वास रोखून बसलो. जिभेचं इवलंसं टोक बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा बाहेर आलं. एक चमचाभर दूध प्यायला पाऊण तास लागला. पण प्यायला! सगळे म्हणतात ना, जीव भांड्यात पडला, तसं झालं. मी तर स्वतःच भांडं, तेव्हा माझ्या जिवाने कुठे पडायचं ते मला कळेना.

अद्वय दोन किलोचा झाला, अडीचचा झाला, घरी आला. हळूहळू आईच्या अंगावरही प्यायला लागला. मग माझं काय कौतुक झालं म्हणता! येणाऱ्याजाणाऱ्याला आजी मला दाखवायची. "आमच्याकडे बाटली नाही हो दिली कधी. एकदासुद्धा नाही." हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं, की घरादाराचं ते पाठ झालं. शेजारणी माना डोलवायच्या. मीही चमकत बसायचे. आजी दर शनिवारी मला दात घासायच्या पांढऱ्या पावडरीने घासायची, चांदी त्याने लखलखते म्हणून.

आठव्या महिन्यात एका दुपारी माझ्या चोचीवर टक् असा आवाज आला. आजीने पुन्हा हिरडीवर वाजवून बघितलं. टक्! "अगंबाई, दात!" ती ओरडलीच. वल्लरीला फोन केला, नीलला फोन केला, शेजारी रव्याचे लाडू वाटले. मित्रांनो, माझं काम त्या दिवशी संपायला हवं होतं. पोरगं वरण-भात खात होतं, पेला धरायचा प्रयत्न करत होतं. पण मला कोणी बाजूला ठेवलं नाही.

त्याला कारण होतं आजीच्या मनातली भीती. मी रागावत नाही तिच्यावर, कारण तशीच भीती माझ्याही मनात होती. वल्लरीचं वागळे इस्टेटमधलं ऑफिस सुरू झालं होतं. सकाळी ती जायची ती संध्याकाळी सातला यायची, आणि दिवसभर अद्वय आजीजवळ. तो दीड वर्षाचा झाला, दोनाचा झाला, तरी आजीला तो काचेच्या पेटीतलाच दिसायचा. त्याने दोन घास कमी खाल्ले की तिच्या काळजात धस्स व्हायचं. "मनगटं बघ की रे त्याची, काड्या नुसत्या," असं ती नीलला म्हणायची. मग दुपारी झोपवताना माझ्यात दूध घालायची. त्यात दोन चिमूट साखर. ताकद यावी म्हणून खारकेची पूड. पूड खाली बसते म्हणून आणखी थोडी साखर. अद्वय तिच्या मांडीवर आडवा व्हायचा, माझी चोच तोंडात धरायचा, एकेक बोंडलं भरत आजी पाजत राहायची. तो तसाच झोपून जायचा, आणि शेवटचा गोड घोट त्याच्या तोंडात तसाच साचून राहायचा. तो उठेल म्हणून आजी हलायचीही नाही. तोंड पुसणं नाही की पाणी पाजणं नाही.

दात घासायचे? एकदोनदा ब्रश दिला होता त्याला. त्याने तो चावला, किंचाळला, फेस गिळला. आजी घाबरली. "राहू दे बाई. दुधाचेच तर दात, पडायचेच आहेत." नील हसला. वल्लरी दमून आलेली असायची, ती म्हणाली, "बघू पुढच्या महिन्यात." दातांची पावडर शनिवारच्या शनिवारी माझ्या अंगाला लागत राहिली, आणि ज्या दातांना ती लागायला हवी होती त्यांना कोणी हात लावला नाही.

आता ऐका, मला झोप का लागत नव्हती ते. त्या घरात अद्वयच्या तोंडात रोज जाणारं एकटं मीच होते. बाकी सगळे त्याचं हसू बघायचे, ओठांच्या बाहेरून. मला आतलं दिसायचं. आधी वरच्या चार दातांवर, हिरडीलगत, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ दिसली. मला वाटलं, साय असेल. ती साय नव्हती. दोन महिन्यांत रेघ पिवळी झाली, मग तपकिरी. एका दुपारी त्याने झोपेत मला चावलं आणि त्याच्या दाताचा कपचा उडाला. माझ्या चोचीला साधा ओरखडाही आला नाही! चांदी मऊ असते हो. दात माझ्याहून मऊ झाला होता. भीतीने मी गार पडले. ओरडावंसं वाटलं, आजी, आत बघ! वरचा ओठ उचलून नुसतं एकदा बघ! पण बोंडल्याला चोच असते, वाचा नसते.

मध्ये लसीसाठी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो होतो. मी आजीच्या पिशवीत होते, अद्वय रडला तर लागते म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, "बाटलीची सवय?"

"छे हो! आमच्याकडे बाटली नाही," आजी मान ताठ करून म्हणाली.

"गुड," डॉक्टर म्हणाले. अद्वयने तोंड गच्च मिटलं होतं, बाहेर रांग होती, त्यांनी पुढचं विचारलं. आजी खोटं बोलली नव्हती, मित्रांनो. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

अद्वयला तीन वर्षं पूर्ण झाली, त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी वल्लरीची किंकाळी ऐकू आली. त्याचा उजवा गाल टम्म सुजला होता. ओठ वर उचलला गेला होता, नाकाशेजारून सूज डोळ्याकडे चढत होती. अंग तापाने फणफणत होतं. आजी दारातच खाली बसली. "काय झालं गं माझ्या बाळाला? काय चावलं?" नीलने फोनवर फोन केले. रविवारी उघडा दवाखाना एकच मिळाला, लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर प्रीती यांचा, घरापासून दहा मिनिटांवर. निघताना आजीने सवयीने मला पिशवीत टाकलं. मी धुतलेलंही नव्हते, आदल्या दुपारचं दूध चोचीत वाळलं होतं.

डॉक्टर प्रीतींनी अद्वयला खुर्चीत नाही बसवलं. स्वतः आणि वल्लरी गुडघ्याला गुडघे लावून बसल्या, त्याला आईच्या मांडीवरून आडवं केलं आणि डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. मग बोटाने ओठ उचलला. पिशवीच्या फटीतून मला वल्लरीचा चेहरा दिसला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने ते बघितलं. वरच्या चार दातांच्या जागी तपकिरी खुंट उरले होते, आणि एकाच्या वर हिरडीला पू भरलेला फोड होता.

"बाटली घेतो का झोपताना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. आमच्याकडे बाटली नाही," आजी आणि वल्लरी एकदमच म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुन्हा आत बघितलं. "नक्की? कारण बघा ना, खालचे दात चांगलेत. जिभेखाली झाकले गेलेले, म्हणून वाचले. वरचेच गेलेत. गोड दूध तोंडात घेऊन मूल झोपलं ना, की असंच होतं."

वल्लरीने हळूच मान वळवली आणि आजीकडे बघितलं. ती नजर माझ्याच्याने बघवली नाही.

"आई, मी ऑफिसात असताना तुम्ही बाटली देत होतात?"

"नाही गं!"

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"वल्लरी, ह्या लेकराची शपथ घेऊन सांगते, बाटली मी हातात धरलेली नाही!" आजीचा आवाज चिरकला.

"मग हे आपोआप झालं का?" वल्लरीने तोंड फिरवलं.

पिशवीत मला सापडावं असं वाटत होतं आणि सापडू नये असंही. सापडले तर मोडीत जाणार, भट्टीत वितळणार, हे मला दिसत होतं. न सापडले तर आजी खोटारडी ठरणार, आणि घरी गेल्यावर उद्या दुपारी मी पुन्हा त्या सुजलेल्या तोंडात जाणार. भट्टीपेक्षा त्या उद्याच्या दुपारची मला जास्त भीती वाटली. आणि तेवढ्यात अद्वयच हुंदके देत ओरडला, "आजी, बोंडू! माझं बोंडू दे!"

आजीचा हात विचार न करता पिशवीत गेला. लेकरू रडतंय, द्यायलाच हवं, एवढंच त्या हाताला माहीत होतं. तिने मला बाहेर काढलं आणि अद्वयकडे धरलं. डॉक्टर प्रीती माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला आजीच्या हातातून घेतलं, चोच नखाने खरवडली, वास घेतला.

"आजी, हे कधीपासून?"

"जन्मापासून," आजी म्हणाली. "हे बोंडलं आहे हो, बाटली नाही." आणि म्हणता म्हणता ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "म्हणजे... मीच? मीच केलं का हे?"

"खाली बसा आधी," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्या आईने पण मला कल्याणजवळ मोहन्याला चाळीत असंच वाटी-चमच्याने वाढवलेलं. तान्हेपणी ह्यानेच त्याला जगवलंय, त्यात काही चुकलं नाही. पण दात आल्यावर गोड दूध कशातून दिलं, ह्याने दाताला फरक पडत नाही हो. बाटली असू दे, बोंडलं असू दे. ते तोंडात राहिलं की झालं."

आजी रडली नाही. तिने अद्वयचे पाय धरले आणि ती नुसती "बाळा, बाळा" करत राहिली. मग वल्लरी आजीच्या शेजारी येऊन बसली. "आई, मी तरी कुठे एकदा त्याचा ओठ उचलून बघितलेला?" ती म्हणाली. "आणि तुम्हाला मी खोटं ठरवलं."

डॉक्टरांनी औषधं दिली, पण एक बजावलं. "सूज उद्या सकाळपर्यंत उतरायला लागली पाहिजे. डोळा मिटायला लागला किंवा गिळताना त्रास झाला, तर माझी वाट बघू नका, थेट हॉस्पिटल." तो दिवस कसा गेला विचारू नका. आजी दर अर्ध्या तासाने त्याचा डोळा बघत होती. नील गाडीची किल्ली मुठीत धरून बसला होता. मी ओट्यावर उताणं पडून होते, आणि माझ्याकडे बघायची कोणाला इच्छा नव्हती. मला दिसत होतं ते नुसतं छत, आणि कानावर येत होतं त्याचं कण्हणं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उजवा डोळा पूर्ण उघडला आणि खिचडी मागितली.

आठवड्याने दोन दात काढावे लागले. उरलेले दोन डॉक्टरांनी भरून वाचवले. काढलेल्यांच्या जागी नवे यायला आणखी चार वर्षं तरी लागणार आहेत, तोवर त्याला पेरूचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येणार नाही. पहिले तीन दिवस दुपारी तो माझ्यासाठी हातपाय आपटून रडला. आजीने कानांवर हात ठेवले, पण मला दिलं नाही. चौथ्या दिवशी तो स्टीलच्या पेल्याने साधं दूध प्यायला, वरून पाणी प्यायला आणि झोपला. आता सकाळी आणि झोपण्याआधी आजी त्याला मांडीवर आडवं घेते, वाटाण्याएवढी पेस्ट ब्रशला लावते आणि प्रत्येक दात घासते. तो बोंबलतो. ती घाबरते. पण घासते.

माझं काय करायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. "मोडीत देते. डोळ्यांसमोर नको," असं ती म्हणाली आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळलं. पण त्याच आठवड्यात तळमजल्यावरची अंतरा आली. तिची सान्वी दिवस भरायच्या महिनाभर आधी जन्मली होती, चोखताना दमत होती. हॉस्पिटलने बोंडलं आणायला सांगितलं होतं.

"काकू, तुमच्याकडे आहे ना? सगळे सांगतात."

"नको गं, ते नको नेऊस," आजी घाईघाईने म्हणाली. मग तिने अंतराला बसवलं आणि सगळं सांगितलं. साखर, खारीक, शपथ, काहीही न लपवता. इतकी वर्षं शिकवणारी मास्तरीण, पण आपली चूक सांगताना अडखळली. शेवटी तिने मला उलगडलं, आतून-बाहेरून घासलं, चोचीत बारीक ब्रश फिरवला. "ने. आईचंच दूध घाल, दुसरं काही नाही. प्रत्येक वेळी उकळ. आणि पहिला दात दिसला की त्याच दिवशी परत आण. मी विचारायला येईन हं."

आणि ती खरंच यायची. दर दोन दिवसांनी, हात धुऊन, सान्वीच्या हिरडीवरून बोट फिरवायची. परवा संध्याकाळी तिचं बोट थांबलं. खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक वर आलं होतं. मी तेव्हा अंतराच्या हातात होते, अर्धं भरलेलं.

"अजून थोडे दिवस राहू दे ना, काकू," अंतरा अजिजीने म्हणाली. "हिचं वजन आत्ता कुठे वाढतंय. ह्याच्याशिवाय काही घेतच नाही ती. मला भीती वाटते."

ती भीती आजीला माझ्याइतकीच ओळखीची होती. मला वाटलं, आता ही विरघळणार. मी मनात म्हणत होते, घे, आजी, मला काढून घे!

"मलाही वाटायची," आजी म्हणाली, आणि अंतराच्या बोटांतून तिने मला सोडवून घेतलं. माझ्यातलं दूध एका छोट्या पेल्यात ओतलं आणि पेला सान्वीच्या ओठाला लावला. निम्मं दूध हनुवटीवरून झबल्यावर सांडलं. सान्वी दचकली, तिने तोंड वेडंवाकडं केलं. अंतराचे डोळे भरून आले. आजीने पेला पुन्हा लावला. ह्या वेळी एक घोट आत गेला, आणि गिळल्याचा आवाज आम्ही तिघींनी ऐकला.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी माणसं आणि जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, टाकू नका. मी उलटं सांगते. घरात बाळ आलं तर मला हाक मारा, मी घाबरत घाबरत येईन आणि जिवाचं रान करीन. पण त्याचा ओठ उचलून रोज आत बघा. आणि दात दिसला की मला त्याच्या तोंडातून काढून घ्या, ते कितीही रडलं तरी.